माझ्या ताईचा ‘अल्पसा’ आजार

माझी ताई पोट दुखून मेली.

बाकी काही नाही. पोट दुखून.

जुनी गोष्ट आहे. आज तिची पुण्यतिथी, म्हणून सकाळी तिच्या सासरच्या कोणीतरी फॅमिली ग्रुपवर तिचा फोटो टाकला. हार घातलेला. खाली लिहिलं, ‘अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली.’

अल्पशा? माझं डोकंच फिरलं. म्हणून ही पोस्ट. ज्याला राग यायचा त्याला येऊ द्या.

आमचं माहेर तेल्हाऱ्याचं. ताई दिली दर्यापूरकडे. दुसरी मुलगी झाली आणि तेव्हापासून तिचं ओटीपोट दुखायला लागलं.

कापूस वेचता वेचता मधेच शेताच्या धुऱ्यावर बसायची. उलटी करायची. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. थोड्या वेळानं उठून परत वेचायला.

उठायची ना, म्हणून कोणाला खरं वाटायचं नाही.

सासू म्हणायची, "बाईच्या जातीचं पोट दुखतच असते. आमी नाई काढलं का?"

बेंबी सरकली म्हणून गावातल्या एका बाईकडून पोट चोळून घेतलं. डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या. सोनोग्राफी नॉर्मल आली. मग तर काय, ताई नाटक करते असंच ठरलं.

एकदा माझ्याकडे अमरावतीला आलेली असताना दुखणं उठलं. मी तशीच तिला ऑटोत घातली. दुखत असतानाच सीटी स्कॅन झाला आणि सापडलं.

सर्जन मॅडमनी ताईचाच पदर हातात धरून समजावलं.

"पिशवीच्या बाजूला असा पातळ पडदा असतो. तुमच्या पडद्याला भोक पडलंय. आतडं त्यात शिरतं, कधी आपोआप सुटून परत येतं. हा आतला हर्निया आहे. क्वचित कोणाला होतो, पण होतो. एक दिवस आतडं अडकेल आणि सुटणार नाही."

"मंग?" ताईनं विचारलं.

"दुर्बिणीतून करू. पोटाला तीन बारीक छेद. आतडं ओढून घ्यायचं, भोक शिवून टाकायचं. लवकर घरी जाल."

ताई रडायला लागली. मला वाटलं, भीतीनं. तर मला म्हणते, "म्हंजे मले खरंच काही झालं हाये ना वं?"

तिच्या सासरी सांगितलं तर सासू पिशवीवरच अडली.

"पिशवीजवळ कातरी लावू देणार नाई. दोन पोरीच हायेत. पोरगा व्हाचा हाये आमाले अजून."

मी म्हटलं, "माय, पिशवीले हात बी नाई लावत. लेकरं होतात नंतर." मॅडमनी स्वतः फोनवर भाऊजींना हेच सांगितलं.

फोन ठेवून भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "आई म्हणते तं थांबू. एक पोरगा झाला की करून घेऊ."

भाऊजी, बायको होती ती तुमची. वाचत असाल तर वाचा.

वेचणी संपत आली होती. या वेळी दुखणं थांबलंच नाही. सगळे म्हणाले, पडून राहा, जाते आपोआप. पोट फुगलं, हिरव्या उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा कुठे जीप करून अमरावतीला मॅडमकडे आणलं.

टेबलवर घेतलं तर आतडं काळं पडलेलं. तीन छेदांचं काम, मॅडमना सगळं पोट उघडावं लागलं. विष अंगभर पसरलं होतं. ताई गेली.

मॅडम बाहेर येऊन कोणावर ओरडल्या नाहीत. मी ओरडले.

ती वर्षं आठवतात ना? गावोगाव पत्रकारांच्या, पुढाऱ्यांच्या गाड्या फिरायच्या. ताईच्या तेरवीला एक गाडी दारात थांबली. आतून विचारलं, "इथं शेतकऱ्याची आत्महत्या झाली का?"

कोणीतरी सांगितलं, "नाई, घरची बाई वारली. पोट दुखून."

काच वर गेली. गाडी पुढं.

भाऊजींनी दुसरं लग्न केलं. मुलगा झाला. गुणी पोर आहे, त्याच्यावर माझा राग नाही. बाकी सगळ्यांवर आहे आणि तो जाणार नाही.

पोरी माझ्याकडे वाढल्या. मागच्या आठवड्यात मोठी पोट धरून बसली होती. विचारलं तर म्हणते, "काही नाही मावशी, होईल थोड्या वेळानं बरं."

हे हिला कोणी शिकवलं? अंगाची नुसती आग झाली. हात धरून दवाखान्यात नेलं. साधं इन्फेक्शन निघालं. निघू दे. मी दर वेळी नेणार.

ताई, तुह्या पोरी बऱ्या हायेत.

जाय वं बाई. आता तरी दुखत नसन तुले.