आल्याच्या रसातल्या गोळ्या
आलं किसलं की मला कल्याणचं आमचं माजघर आठवतं. माझे वडील वैद्य होते. खोकल्याचं चूर्ण आल्याच्या रसात खलून त्याच्या गोळ्या वळायचं काम माझं. मी कॉलेजात होते तेव्हा एकदा गोळ्या वळता वळताच माझी पाळी आली. मी ते लपवलं नाही. "ऊठ, बाहेर बस. औषध विटाळेल," आत्या दारातून म्हणाली. "लगदा सुकला तर गोळ्या फुटतील. तू वळतेस का?" मी विचारलं. "जीभ बघा हिची. आता घेणार कोण त्या?" मी एक गोळी तोंडात टाकली आणि पुढची वळायला घेतली. शेजारी खलत बसलेल्या वडिलांनी गोळ्यांची बरणी माझ्याकडे सरकवली. नातवंडांनो, त्यानंतर मी कधीच बाहेर बसले नाही आणि तुमच्या आईलाही बसू दिलं नाही.