स्वयंपाकघराच्या बटणावरचा दिवा

टेस्टरकाकांनी त्या सकाळी खिशातला टेस्टर काढून उशीखाली लपवला. आज घरी वायरमन येणार होता, आणि वायरमनच्या घरी वायरमन बोलवावा लागणं यासारखी नाचक्की दुसरी नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. अख्खी हयात त्यांनी लोकांच्या भिंतींतून तारा ओढल्या. काम सुटलं तरी टेस्टर खिशातून हलला नाही, म्हणून आसपासच्यांनी त्यांना हे नाव चिकटवलं. पण आता हात थरथरायचे, आणि परगावी असलेल्या मुलाने फोनवर तंबी दिली होती, "बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. मी माणूस पाठवतोय."

बदलायचा होता पलंगाच्या डोक्यावरचा, भिंतीवरचा दिवा. पितळेची वाकडी दांडी, तिच्यावर दुधी काचेची टोपी. दांडी काळवंडलेली, होल्डर जळका, आणि हल्ली दिवा मधूनच चरचरायचा. तो काढायलाच हवा हे काकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांची काळजी वेगळीच होती.

त्या दिव्यात एक गोम होती. लग्नाआधी या घराचं वायरिंग काकांनी स्वतः केलं, तेही दिवसभर लोकांची कामं उरकून, घाईघाईत. त्या गडबडीत पॅसेजमधल्या जंक्शन बॉक्समध्ये एक तार भलतीकडेच जोडली गेली. स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की तिथला दिवा लागायचाच, शिवाय घराच्या दुसऱ्या टोकाला पलंगावरचाही लागायचा. पलंगाशेजारचं बटण नुसतं शोभेचं.

नव्या नवरीने पहिल्याच सकाळी चहा टाकायला बटण दाबलं आणि आत नवरा डोळे चोळत उठून बसला. काकूंची हसून हसून मुरकुंडी वळली. काका ओशाळून पक्कड घेऊन निघाले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या हो तसंच. मला हाका मारत बसायला नको." झालं. तेव्हापासून त्या घरात कुणी कुणाला हाक मारून उठवलं नाही. तोंडावर पिवळा उजेड पडला की काकांनी समजायचं, चहा होतोय.

काकू तशा त्यांच्या मदतनीसही होत्या. घरात कुठलंही वायरिंगचं काम निघालं की काका बटणापाशी आणि काकू दिव्याखाली. काकांनी ओरडायचं, "लागला का?" आणि त्यांनी उत्तर द्यायचं, "लागला!" काकूंचा तो 'लागला' तीन घरं पलीकडे ऐकू जायचा. शेजारच्या बाई म्हणायच्या, तुमचा दिवा आमच्याकडे बसून कळतो.

काकू गेल्या, आणि सकाळचं बटण काकांकडे आलं. अंधारातच जाग यायची. चाचपडत स्वयंपाकघरात जायचं, बटण दाबायचं, की मागच्या खोलीतून पॅसेजच्या फरशीवर उजेडाचा पट्टा यायचा. आत कुणीतरी आहे, आता उठेल, असं त्या पट्ट्याकडे बघून वाटायचं. आत कुणी नाही हे काय काकांना ठाऊक नव्हतं? पण चहा उकळेपर्यंत तरी तसं वाटून घ्यायला कोण अडवतंय? त्यांचा पुढचा सगळा दिवस तेवढ्यावर निघायचा. आज त्या तारेला परका हात लागणार होता.

वायरमन आला. मधल्या वयाचा, हसतमुख, आणि कामाला चोख, हे काकांनी त्याने पक्कड धरली तेव्हाच ओळखलं. जुना दिवा उतरवून त्याने तारेचा माग काढला, स्वयंपाकघरात जाऊन आला आणि कपाळाला हात लावला.

"काका, ही तार थेट स्वयंपाकघरातून आलीय! कुणा गाढवानं केलंय हो हे वायरिंग?"

इथे काकांनी तोंड उघडायला हवं होतं. गाढव तुमच्यासमोरच उभं आहे आणि तार आहे तिथेच राहू द्या, एवढं म्हटलं की भागलं असतं. पण तो शब्द वर्मी लागला होता. दुसऱ्याच्या कामातला एक सैल स्क्रू कधी खपवून न घेतलेला माणूस, त्याने हे कुठल्या तोंडाने सांगावं? आणि सांगितलं तर कारणही सांगावं लागणार.

"असेल कुणी नवशिका," काका म्हणाले.

"नवशिकाच! आलोच आहे तर सरळ करून देतो."

पॅसेजमधला जंक्शन बॉक्स उघडून त्याने ती तार पलंगाशेजारच्या बटणाला जोडली. नवा दिवा साबणाच्या वडीसारखा पांढरा, चपटा होता. तो भिंतीवर बसला. मग वायरमन स्वयंपाकघरात गेला आणि तिथून त्याने आवाज दिला, "इथलं बटण दाबलंय काका. लागला का तिकडे?"

दिव्याखाली काका उभे होते, काकूंच्या जागी. "नाही," ते म्हणाले.

"मग झालं काम!"

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांनी बटण दाबलं. स्वयंपाकघर उजळलं. पॅसेजमध्ये काळोख. ते वळून बघतच राहिले आणि चहा उतू गेला. काकूंना जाऊन दोन वर्षं होत आली होती, पण घरात आपण एकटेच आहोत हे त्यांना त्या पहाटे पुरतं कळलं. स्वतःचा असा राग आला की काही विचारू नका. एका 'गाढव' शब्दाची लाज वाटली, आणि घरातलं होतं नव्हतं ते माणूस घालवून बसलो!

दुपारपर्यंत त्यांनी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. मग मेन बंद केला, उशीखालचा टेस्टर खिशात घातला आणि जंक्शन बॉक्सखाली स्टूल ओढलं. मुलाला कोण सांगायला जातंय! हात इतका कापत होता की तारेचं टोक स्क्रूखाली जाईना. एक स्क्रू हातातून निसटला, तो शोधायला ते खाली उतरून फरशीवर रांगले. दोनदा भिंतीला टेकून दम खाल्ला. पहिल्यांदा ही चूक घाईत झाली होती. आता त्यांनी ती सावकाश, नीट, एकही स्क्रू सैल न ठेवता केली. पलंगाशेजारचं बटण पुन्हा शोभेचं झालं.

आटोपलं तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. मेन चालू करून काका स्वयंपाकघरात गेले, बटण दाबलं, आणि जुन्या सवयीने मोठ्याने ओरडले, "लागला का?"

पॅसेजच्या फरशीवर उजेडाचा पट्टा पडला होता. पूर्वीसारखा पिवळा नव्हता, पांढरा होता. काका बटणावर बोट ठेवून उत्तराची वाट बघत राहिले. शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं, तेवढा आवाज येत होता.

"लागला," शेवटी काकांनीच सांगितलं. तो आवाज पॅसेजच्या पलीकडेही गेला नसेल.