अव्वा आणि पुंगळी काढलेली गाडी

अव्वा इतकं हळू बोलायची, की समोरच्याला आपलं तोंड बंद ठेवावंच लागायचं. अव्वा म्हणजे माझी बायको. लेक तिला अव्वा म्हणायचा, मग गल्ली म्हणायला लागली, शेवटी मीसुद्धा. सासर निलंग्याचं, माहेर कर्नाटकातलं. जन्म मराठी बोलण्यात गेला, पण "सुम्मन" हा कानडी शब्द काही तिनं सोडला नाही. सुम्मन म्हणजे गप. कुकर बोंबलला, सुम्मन. मी भांडायला उठलो, तरी तेच.

तिची किडनी गेली. रक्त साफ करायला आठवड्यातून दोनदा लातूरला जावं लागायचं. शिवानं, आमच्या लेकानं, तिच्यासाठी जुनी डिझेल गाडी घेतली. आणि दोस्तांच्या नादानं खालचा सायलेन्सर कापून सरळ नळी बसवली. आमच्याकडं ह्याला पुंगळी काढणं म्हणतात. म्हणाला, "अव्वा, धूर मोकळा निघतो. गाडी ओढती बी जोरात, आन् डिझेल बी कमी खाती."

अव्वा एकदा बसली. उतरून म्हणाली, "गाडी पळंना, नुसती बोंबलायली." पुढच्या खेपेला सरळ एसटी स्टँडवर जाऊन बसली, सुजलेले पाय घेऊन. शिवा मागं धावला.

"अव्वा, लोक काय म्हणतील? तुझ्यासाठीच घेतली ना?"

"गाडी माझ्यासाठी घेतलास. आवाज कुणाला ऐकवायला काढलास?"

गेली एसटीनंच. परत आली तेव्हा उभं राहायचं त्राण नव्हतं. असं किती दिवस चालणार? तिला कसंही करून गाडीत बसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात. मी दोघांनाही शिव्या घातल्या. शेवटी तीच म्हणाली, "बसते. पण पुढं बसणार."

पुढं बसली आणि रस्ताभर पोराच्या पायाकडं बघत राहिली. मी मागं बसून खेकसत होतो, कुणाला काही ऐकू जात नव्हतं. औशाला चहाला थांबलो तेव्हा बोलली, "शिवा, गाडी भर्र म्हणली की तुझा पाय आणखी दाबतोय. तुला तो आवाज गोड लागतोय रे. डिझेल गाडी न्हाई खात, तुझा पाय खातोय."

शिवानं उरलेला चहा ओतून दिला. मग म्हणाला, "चढाला बी आता गिअर खाली घ्यावा लागतोय. आधी न्हवतं. जोर वाढला असं नुसतं कानाला वाटतंय." डिझेलही कमी लागत नव्हतं, उलट जरा जास्तच. हे त्याला आधीच कळलं होतं, पण दोस्तांपुढं सांगायचं कसं?

त्याच दिवशी, तिचं रक्त साफ होईस्तोवर थांबून, लातूरच्या गॅरेजात गेलो. मेस्त्री उदगीरकडचा. अव्वा त्याला म्हणाली, "बाबा, सुम्मन करून दे." त्याला कानडी येत होती. आणि कानडीत सुम्मनचा दुसरा अर्थ उगाच, असंच, म्हणजे इथं फुकटात. त्यानं पाना खाली ठेवला. "असंच कसं करू, अव्वा? सायलेन्सर काय मला सासऱ्यानं आंदण दिलाय का?"

अव्वा हसली. मोठ्यानं, पोट धरून. बायको एवढी हसू शकते हे मला त्या दिवशी कळलं. म्हातारा झालो तेव्हा.

सायलेन्सर बसला, आणि पुढं ती गाडीनंच जायची. रस्त्यानं बोलत असायची, कुणाच्या रानात तूर लागली, कुणाचा ऊस तोडायचा राहिला, शिवाला पोरगी कुठली बघायची. मी एरवी घरात ऐकलं नसतं तेवढं त्या गाडीत ऐकलं. लोकांना वाटायचं बाई दवाखान्याला चालली. ती तर फिरायलाच निघाल्यासारखी बसायची.

शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शिवा एवढा हळू चालवत होता, की उसाचे ट्रॅक्टर पुढं जात होते. तिचा श्वास घरघरत होता. तेवढ्या घरघरीला धरून मी बसलो होतो.

लामजना पाटी मागं पडली आणि मला घरघर ऐकू येईना.

"शिवा, इंजिनाचा आवाज व्हायलाय. गाडी बंद कर."

त्यानं गाडी कडेला घेतली, चावी फिरवली. आम्ही दोघं कान देऊन बसलो. शेजारून एक ट्रक गेला. तो लांब जाईस्तोवर थांबलो, आणि पुन्हा कान दिला.