बाटलीच्या तळाचं

दूधवाल्याच्या घरात दूध न सोसणारी नात जन्मली, हे सासऱ्यांना कुणीतरी नाकावर टिच्चून केल्यासारखं वाटे. तीन वर्षांची पोर. घोटभर दूध पोटात गेलं की अंगभर गांध्या आणि ओठ सुजलेले. दोनदा दवाखाना गाठावा लागला, तरी यांचं आपलं एकच, "थेरं आहेत सगळी. आमच्या चार पिढ्या दुधावर वाढल्या."

"पाचवी दुसऱ्या दुधावर वाढेल, बाबा," सून म्हणाली. ती काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. डेअरीच्या फ्रीजमध्ये तिने सोयाच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या आणून ठेवल्या. गिऱ्हाइकं हसली. नवरा म्हणाला, "निदान मागे तरी ठेव." तिने मुद्दाम पुढे ठेवल्या.

आधी बदामाच्या दुधाने ती फसली होती, हे खरं. महाग म्हणजे पौष्टिक, असं तिला वाटलेलं. डॉक्टरीणबाईंनी बाटलीमागचा बारीक मजकूर वाचून दाखवला. बदाम नावाला, बाकी पाणी. तांदळाच्या दुधाचीही तीच रड. प्रथिनांत गाईच्या दुधाजवळ जातं ते सोयाचं, फक्त कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं वरून घातलेली बाटली बघून घ्यायची.

सासऱ्यांनी अट घातली. "तीन महिने देतो. तपासणीत काही उणं निघालं, तर मी माझ्या हाताने गाईचं पाजणार."

सुनेला ते सुजलेले ओठ आठवले. तोंडाने ती म्हणाली, "बघूच."

त्या घरात सकाळी सगळ्यांचे पेले सासरेच भरत. दुधाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. नाक मुरडत का होईना, नातीचा पेलाही तेच भरू लागले.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन छान वाढलंय. पण हाडांना कॅल्शियम पुरत नाहीये."

सासरे खुर्चीत ताठ झाले. "झालं समाधान? उद्यापासून गाईचं."

"उद्याही नाही आणि परवाही नाही," सून म्हणाली. "माझ्या लेकीचा जीव तुमच्या हट्टापायी मी टांगणीला लावणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाटली हलवून घेता ना?"

"हलवून?" सासरे दुखावलेच. "चाळीस वर्षं धंद्यात आहे मी. दूध हलक्या हाताने ओततात. या बाटलीत तळाला पांढरा गाळ बसतो, तो रोज मोरीत ओततो. नातीला काय गाळ पाजू?"

"आजोबा, तो गाळ म्हणजेच कॅल्शियम."

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली होती. तीन महिने रोज मोरीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गर्दीत, काउंटरवरच, तिने सासऱ्यांच्या हातात बाटली दिली. "हलवा."

"आत जाऊन हलवतो."

"इथेच."

नात पेला घेऊन उभी होती. सासऱ्यांनी बाटली हलवली, चांगली दणकून, आणि पेला भरला. मग रिकामी बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरी रेघ उरली होती. त्यांनी पेल्यातलं थोडं दूध परत बाटलीत घेतलं, विसळलं आणि थेंबन् थेंब पेल्यात निथळवला.

"हे काय नवीन?" एका गिऱ्हाइकाने हसत विचारलं.

"माझ्या नातीचं दूध आहे," सासरे म्हणाले. "तुम्हाला किती लिटर हवंय ते सांगा."