कामाचा रकाना

श्रीगजाननास वंदन करून, आज विजयादशमीच्या निमित्ताने एक आठवण सांगतो. देवापुढे ठेवलेल्या आपट्याच्या पानांचा तुरट वास आला आणि काही वर्षांपूर्वीचा दसरा डोळ्यांपुढे उभा राहिला. पत्नी गेल्यापासून पाच महिने घराबाहेर न पडलेल्या बालमित्राला सोने द्यायला मी त्याच्या नव्या इमारतीत गेलो होतो. फाटकावर चौकीदाराने वही पुढे केली. मी नाव लिहिले. 'काम' हा रकाना कोरा सोडला. "आजोबा, काम काहून नाही लिहून राहिले जी?" "काम नाहीच. भेटायला आलो आहे." "काम नाही तं वर कशाले जाता? कुरिअर लिहून द्या न जी!" सणाच्या दिवशी खोटे लिहिणार नाही, असे बजावून मी उन्हातच कठड्यावर बसलो. "मोठे जिद्दी हो तुम्ही," म्हणत त्याने अखेर वर फोन लावला. थोड्या वेळाने मित्र स्वतःच खाली आला. दाढी वाढलेली, पायांत दोन वेगळ्या चपला. "काय काम काढलं गा?" त्यानेही तेच विचारले. "काहीच नाही," म्हणत मी त्याच्या हातावर पाने ठेवली. मग चौकीदाराची लेखणी घेऊन त्याने त्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिले, 'काही नाही'. दर दसऱ्याला मी तिथे जातो आणि आजही तेच लिहून आलो. वाचकहो, जगदंबा आपले घरदार सुखी ठेवो, आणि काहीही काम नसताना येणारी माणसे आपल्या दाराला सदैव लाभोत.