तीन नंबरचा खड्डा

आत्याला राग यायला फार काही लागत नाही. वाळूत हरभऱ्याएवढा खडा दिसला तरी पुरतो. रायफल रेंजवर येणारे सगळेच तिला आत्या म्हणतात, कारण तिची भाची तसं म्हणते आणि इतरांना दुसरं काही म्हणायची छाती होत नाही. पाठीमागे तिचं नाव चाळणीबाई. हे तिला माहीत आहे. तिला माहीत आहे हे म्हणणाऱ्यांनाही माहीत आहे, म्हणून ते जरा लांब जाऊन म्हणतात.

रेंज म्हणजे गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा. एका टोकाला पत्र्याची शेड, शेडखाली सतरंज्या, सतरंज्यांवर पालथे पडलेले नेमबाज. दुसऱ्या टोकाला कागदी लक्ष्यांच्या चौकटी आणि त्यांच्यामागे दोन पुरुष उंच वाळूचा बांध. लोक नेमबाज बघायला येतात, बांधाकडे कोणी ढुंकून बघत नाही. खरं काम मात्र बांधच करतो. आलेली गोळी गपगुमान पोटात घेतो आणि परत देत नाही. पण त्यासाठी त्याचं पोट मऊ हवं. आत दगड राहिला, की गोळी त्यावर आपटून वाटेल तिकडे उसळते. पॉइंट टू-टूची गोळी दिसायला करंगळीच्या नखाएवढी, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. आत्या म्हणते, खेळणंच आहे, फक्त लाडावलेल्या कार्ट्यासारखं. जरा कडक लागलं की तोंड फिरवून घरी परत.

ही रेंज आत्याच्या वडिलांनी उभी केली. त्यांनी मुलाच्या हातात रायफल दिली आणि मुलीच्या हातात चाळणी. चाळणी देताना म्हणाले, "तुझा हात फार स्थिर आहे." मग तो हात रायफलला का चालला नाही, हे तिने त्यांना कधी विचारलं नाही. ते गेल्यावर मात्र ती रोज विचारते, फावड्याला.

तेव्हापासून नाकाला फडकं बांधायचं, हातमोजे चढवायचे, वाळू उपसायची, चाळायची, शिसं बादलीत, खडे कुंपणापलीकडे आणि वाळू परत बांधावर. दादा चषक आणायचा, ही बादल्या आणायची. दोघांची लग्नं झाली, केस पांढरे झाले, वाटणी तशीच राहिली.

दादाची लेन तीन नंबरची, आणि सगळं बिघडलं ते तिथेच. दादाचा नेम एवढा पक्का, की त्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं बांधात एकाच जागी जाऊन बसल्या. इतर लेनच्या मागे वाळू देवीच्या व्रणांसारखी खडबडीत, तीनच्या मागे मात्र एकच गोल, खोल खड्डा. दादा पाहुण्यांना तिथे नेऊन उभा करायचा. "बघा, सगळ्या एकाच भोकात." पाहुणे माना डोलवायचे. आणि त्या खड्ड्याला फावडं लावायची आत्याला सक्त मनाई. चषक काय, पैसे देऊन कोणीही बनवून आणतो, असा खड्डा कुठे मिळणार, असं त्याचं म्हणणं.

आता वाईट नेमबाजाच्या गोळ्या बांधभर पसरतात, त्याने काही होत नाही. चांगल्याच्या एकावर एक बसतात, शिशाचा गठ्ठा होतो, आणि पुढची गोळी वाळूत न शिरता त्या गठ्ठ्यावर आदळते. म्हणजे दादा जितका छान मारणार, तितका बांध कडक होणार. ही गोष्ट आत्याला शिकवली होती कोणी, तर दादानेच.

नव्या शेडच्या उद्घाटनाला तीन-चार दिवस राहिले असताना आत्याला तीन नंबरच्या सतरंजीमागे, थेट खुर्च्यांच्या रांगेशी, शिशाची एक चपटी चकती सापडली. ती तिने दादाच्या टेबलावर आपटली.

"हे काय?"

"शिसं."

"ते दिसतंय. इथे कसं आलं?"

दादा चष्मा पुसत म्हणाला, "एखाद्या पक्ष्याने टाकलं असेल."

"हो, आणि जाताना तुला नमस्कार सांगून गेला. दादा, गोळी उलटून आली आहे. रविवारी त्याच लेनवरून पहिली गोळी झाडणार कोण? तुझी मुलगी. तिच्या मागे खुर्च्यांवर कोण बसणार? सगळं गाव."

"रविवार होऊ दे. सोमवारी उपस."

"सोमवारी कोणाला उपसू?"

दादाने वर्तमानपत्र उघडलं. संभाषण संपलं की तो वर्तमानपत्र उघडतो, मग ते कालचं का असेना. आत्याने पुढचे दिवस घरात कोणाशी शब्द काढला नाही, पण भांडी मात्र खूप बोलली.

रविवारी कडक इस्त्रीचे लोक आले. भाची सतरंजीवर पालथी झाली. ती बापासारखीच मारते आणि बापासारखीच डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावायचा कंटाळा करते. दादा माईकवर सांगत होता, की आता आपल्यासमोर दुसरी पिढी. तेवढ्यात खांबावर लाल निशाण सरसर वर चढलं.

लाल निशाण वर असताना रायफलला हात लावायचा नाही, हा नियम. शेडच्या भिंतीवर तो दादाच्याच अक्षरात रंगवलेला आहे.

आत्याने दोरीची गाठ मारली. "बोल्ट उघड. रायफल खाली ठेव. ऊठ."

भाचीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि ज्याची जास्त भीती वाटत होती त्याचं ऐकलं. बाकीच्या रायफलीही रिकाम्या आहेत हे आत्याने एकेक करून बघितलं, मग फावडं आणि चाळणी घेऊन ती भर मैदानातून बांधाकडे चालू लागली.

"एक किरकोळ तांत्रिक अडचण आहे," दादाने माईकवर सांगितलं. मग माईक टेकवून तिच्यामागे जवळजवळ पळतच गेला.

"धाकटे, लोक बसलेत."

"बसू दे. बसायलाच आलेत."

"तो खड्डा माझा आहे."

"मग घे तुझा तुला," म्हणत तिने फावडं घातलं. वाळूत फावडं शिरताना आवाज होतो तसा झाला नाही. टण्ण झालं. तिने मुळाशी उकरलं, दोन्ही हातांनी खेचलं, आणि शिशाचा एक वेडावाकडा गोळा, मोठ्या पावाएवढा, दादाच्या चकचकीत बुटांपुढे येऊन पडला.

"ह्याच्यावर आपटली असती पोरीची गोळी."

दादाने बुटावरची वाळू झटकली. "माहीत आहे मला," तो म्हणाला.

"माहीत आहे म्हणूनच डोकं फिरतं माझं. माहीत नसतं तर समजावलं असतं."

त्याने वाकून गोळा उचलायचा प्रयत्न केला. जड होता. "केवढा झालाय," तो म्हणाला. आणि त्या आवाजात, आत्ता, ह्या क्षणीसुद्धा, कौतुक होतं.

इथे आत्याचा राग नेहमीच्या जागेवरून सुटला. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने स्वतःच्या नाकावरचं फडकं सोडून त्याच्या नाकावर बांधलं, हातमोजे काढून त्याच्या हातात कोंबले आणि चाळणी पुढे केली.

"चाळ."

"आत्ता? ह्या कपड्यांत?"

"मी माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी चाळली होती. तेव्हा तुझी स्पर्धा होती."

दादा उकिडवा बसला. गुडघे कटकन वाजले. त्याला चाळणी धरता येईना, वाळू कधी बाहीत जायची, कधी बुटात. ती दोन पावलं मागे उभी राहून बोट दाखवत होती. "तो राहिला. तो पण. तो काय पाहुणा आहे? बाहेर काढ." लांबून पाहणाऱ्यांना वाटलं, उद्घाटनाचाच भाग असावा. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खड्डा भरला, वाळू सैल करून थापली, निशाण उतरलं. भाचीने चष्मा लावला, कारण आत्या डोक्याशी उभी होती. गोळी सुटली. पलीकडून नुसतं थप्प आलं, ओल्या कापडावर थाप मारावी तसं, आणि मग काहीच आलं नाही. सगळे लक्ष्याकडे बघत होते. आत्या डोळे मिटून ऐकत होती.

तो गोळा दादाने चषकांच्या कपाटात ठेवलाय, मधोमध. आत्या रोज तो काढून दाराला अडसर म्हणून लावते, संध्याकाळी तो परत कपाटात जातो. दर सोमवारी मात्र तीन नंबरची वाळू दादा चाळतो आणि आत्या खुर्ची टाकून बसते. तो अजून फार वाईट चाळतो. ती अजून त्याला माफ करायच्या बेतात नाही.