कॉम्प्युटर आटपाडीला गेला

कराडला लागून मलकापुरात घर बांधलं तेव्हा हॉलची एक भिंत मी गाण्यासाठी राखून ठेवली. तिथं खिडकी काढायची नाही, टीव्ही टांगायचा नाही, हे गवंड्याला आणि बायकोला एकाच दिवशी सांगून टाकलं होतं. गवंड्यानं कारण विचारलं नाही. बायकोनं विचारलं, पण उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नोकरी. अडलेल्या गाई, फुगलेल्या म्हशी, पाय मोडलेल्या शेळ्या, आणि त्यांच्याहून मोठ्यानं ओरडणारे त्यांचे मालक यांच्यात दिवस जातो. घरी आल्यावर अंघोळ करून त्या भिंतीसमोर बसायचं आणि एखादा राग सावकाश ऐकायचा, एवढाच माझा शौक. त्यासाठी चांगला अ‍ॅम्प्लिफायर घेतला, दोन उंच स्पीकर घेतले. गाणी मात्र सगळी जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. मुलीनं कॉलेजला जाताना मागं ठेवलेला तो काळा डबा मी स्पीकरशेजारी उभा केला, वायर जोडली आणि काम भागवलं.

काम भागत होतं, पण त्याला खोडी होत्या. त्याचा पंखा सतत घरघरायचा. विलंबित आलाप रंगात आला की मध्येच कसलीतरी सूचना यायची आणि स्पीकरमधून 'टुंग' वाजायचं. कधी कधी तो स्वतःच ठरवायचा की आता मला बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचंय. तेव्हा पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र बघत बसायचं.

सांगलीत माझा एक मित्र आहे. हळदीचा व्यापारी. त्याच्या गोठ्यातली म्हैस एकदा मरता मरता वाचली, तेव्हापासूनची ओळख. हळदीइतकंच त्याला आवाजातलं कळतं, निदान तसं त्याला वाटतं. तो घरी आला, कॉम्प्युटरकडं बघितलं आणि पाहुण्याच्या पानात केस सापडावा तसा चेहरा केला.

"काय ओ डॉक्टर, एवढे भारी स्पीकर आणि त्यांच्या मागं हे? हिशेब लिहायचं मशीन आहे ते. त्याला गाणं कुठनं येणार? स्ट्रीमर घ्या."

स्ट्रीमर म्हणजे फक्त गाणी वाजवण्यासाठी बनवलेला डबा. त्याला पंखा नाही, पडदा नाही. घरातल्या वायफायवरून किंवा जोडलेल्या हार्ड डिस्कवरून तो गाणी घेतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला देतो. काय वाजवायचं ते मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून सांगायचं. मित्राच्या घरी असे दोन होते. पुढच्या खेपेला त्यातला एक तो पंच्यात गुंडाळून घेऊन आला.

आम्ही दोन्ही डबे आलटून पालटून लावले. बायकोला वायर बदलायला बसवलं आणि आम्ही डोळे मिटले. एकच तानपुरा, एकच आलाप, एकदा यातून, एकदा त्यातून. मित्र दर वेळी ठामपणे सांगायचा, "हा स्ट्रीमर. बघा, मागं किती शांत आहे." बायको पुढची वायर जोडायची. शेवटी त्यानं विचारलं, "किती बरोबर आले, वहिनी?"

"तुम्ही ज्याला शांत म्हणालात ना, त्यातल्या निम्म्या वेळेला कॉम्प्युटर होता," ती म्हणाली. "मी त्याच्यावर उशी धरली होती."

तो मोकळेपणानं हसला. मग घड्याळ बघून गडबडीनं उठला, कारण सूर्यास्तानंतर तो जेवत नाही आणि सांगली गाठायची होती. बायकोनं त्याला आमच्याकडंच लवकर वाढलं. जाताना तो म्हणाला, "डबा राहू दे इथं. महिनाभर ऐका, मग ठरवा. कानावर विश्वास नसेल तर डोक्यावर ठेवा. पण त्या मशीनला एकदाची रजा द्या."

मी जवळजवळ ठरवलंच होतं. आवाजात फरक असो नसो, पंख्याची घरघर नाही आणि 'टुंग' नाही, एवढं मला पुरे होतं.

त्याच दिवसांत आटपाडीचे आबा आमच्याकडं राहायला आले. आबा म्हणजे माझे धाकटे चुलते. घशाच्या कर्करोगानं त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. ऑपरेशन कराडला झालं, आणि आता रोज किरणांचा शेक घ्यायचा होता. आटपाडीहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. म्हणून आबा आणि काकी दोघं मलकापुरात आले.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. माझ्या वडिलांनी मेंढरं सोडली आणि नोकरी धरली. आबांनी डाळिंबाची बाग केली तरी थोडी मेंढरं ठेवलीच. आणि त्यांनी ओव्या ठेवल्या. बिरोबाच्या जत्रेत ढोलावर काठी पडली की सुंबरान मांडायला, म्हणजे ओव्यांआधी देवाला आळवायला, लोक आबांनाच पुढं करायचे. त्यांचा आवाज उंच आणि जरा फाटका होता. माळावर लांब जाणारा. मी शास्त्रीय संगीताकडं कसा वळलो ते मला माहीत नाही, पण आबांच्या आवाजाशी त्याचा संबंध आहे असं मी कधी म्हटलेलं नाही.

आता त्यांच्या गळ्याच्या खळगीत श्वासासाठी एक भोक होतं आणि त्यावर पातळ फडकं. बोलणं संपलं होतं. शाळा त्यांनी फारशी केली नव्हती, त्यामुळं लिहून दाखवणंही नाही. हातानं, भुवईनं आणि ओठांनी जे सांगायचं ते काकी ओळखायच्या आणि मोठ्यानं आम्हाला सांगायच्या. कधी चुकीचं सांगितलं की आबा तळहात जमिनीवर आपटायचे.

"न्हाई व्हय? मग काय म्हणताय?" काकी विचारायच्या. "नीट सांगा की. आवं, मी काय मनकवडी हाय का?"

दुपारचा शेक घेऊन आले की ते हॉलमध्ये खाली बसून राहायचे. घसा सोलवटलेला, गिळताना त्रास. काकी ताकातल्या कण्या पातळ करून द्यायच्या. मी त्यांच्यासाठी काही गाणी लावून बघितली. त्यांनी ऐकली, आणि तोंड खिडकीकडं वळवलं.

एका रविवारी मी कॉम्प्युटरमधली गाणी हार्ड डिस्कवर भरून स्ट्रीमरला जोडत होतो. मोबाईलवर यादी आली तेव्हा एका फोल्डरमध्ये काहीच दिसेना. कॉम्प्युटरवर पाहिलं, तर त्यात फाइली होत्या. जुन्या बटणांच्या मोबाईलवर कुणीतरी केलेली आणि कधीतरी इथं येऊन पडलेली रेकॉर्डिंग. फाइलींचा प्रकार इतका जुना की स्ट्रीमरला त्या ओळखता येत नव्हत्या. हे काय आहे ते बघावं म्हणून मी कॉम्प्युटरवर एक उघडली.

ढोल वाजला. माणसांचा गलबला, कुणाचं तरी खोकणं, आणि त्यातून आबांचा आवाज वर आला.

मी बंद करायला हात पुढं केला, पण तोवर काकी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या होत्या.

"आवं, ह्यो तुमचाच आवाज न्हवं?"

आबांनी फडक्यावर हात ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. पुढची ओळ येण्याआधी ओठ तिथं पोचत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघून हात आडवा फिरवला. मी बंद केलं. काकी आत गेल्या, आणि बराच वेळ भाकरी थापल्याचा आवाज आला नाही.

नंतरचे काही दिवस आबांनी त्या भिंतीकडं पाठ करून बसणं पसंत केलं. बायको म्हणाली, "अहो, उगाच लावलंत." मला ते खरं वाटलं.

मग एकदा मी दवाखान्यातून आलो तर आबा कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसले होते. मला बघून त्यांनी काळ्या डब्यावर बोट ठेवलं आणि हातानं ढोल वाजवून दाखवला.

"सकाळधरनं तेच चाललंय," काकी म्हणाल्या. "लाव म्हणत्यात. मला काय कळतंय त्यातलं?"

त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता अडचण अशी की दिवसभर मी घरी नसायचो आणि बायको शाळेत शिकवायला जायची. त्यांना स्वतःला लावता यायला हवं होतं. मी फाइली नव्या प्रकारात बदलल्या, स्ट्रीमरवर चढवल्या, घरातला एक जादा मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि कुठं बोट ठेवायचं ते दाखवलं.

त्यांनी बोट ठेवलं. काही झालं नाही. जोरानं दाबलं. काही झालं नाही. दुसरं बोट, मग अंगठा. मेंढ्यांची लोकर कातरून आणि खोरं धरून त्यांच्या बोटांना असे घट्टे पडले होते की काचेला ती बोटं आहेत हे समजतच नव्हतं. काकींचीही तीच गत. बोटांवरून ओला कपडा फिरवून बघितला, तेव्हा एकदा लागलं आणि भलतंच गाणं सुरू झालं. आबांनी मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला. त्यात राग नव्हता. जे अवजार हाताला बसत नाही ते परत करावं, तसा ठेवला.

मग मी कॉम्प्युटर पुन्हा जोडला. सगळ्या ओव्या ओळीनं एकामागून एक लागतील असं केलं, सूचना बंद केल्या, आणि कीबोर्ड त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यावरची सगळ्यात लांब पट्टी दाखवली. दाबली की सुरू, पुन्हा दाबली की बंद. त्यांनी दाबली. सुरू झालं. दाबली. बंद झालं. त्यांनी भुवया उंचावून काकींकडं पाहिलं.

"व्हय, जमलं तुमास्नी," काकी म्हणाल्या. "आता ऱ्हावा दिवसभर तिथंच."

ते खरोखरच दिवसभर तिथं राहू लागले. स्वतःला ऐकायचे, थांबवायचे, ओठांनी तीच ओळ घोळवायचे, पुन्हा सुरू करायचे. पंखा घरघरत असायचा. त्यांना त्याचं काही नव्हतं.

महिना झाल्यावर सांगलीचा मित्र निकाल ऐकायला आला. दारातूनच म्हणाला, "मशीन अजून इथंच?" आणि मग त्याला ओवी ऐकू आली. त्या रेकॉर्डिंगमध्ये त्याला न आवडणारं सगळं होतं: वारा, खरखर, चिरकलेला वरचा सूर. तो चपला काढून आबांच्या शेजारी जमिनीवर बसला. कोण गातंय हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं.

तो आबांकडं वळला. "आबा, हे कुठल्या जत्रेतलं?"

आबांनी ओठांनी उत्तर दिलं. काकींनी गावाचं नाव सांगितलं. मित्रानं विचारलं, ढोल कोणाचा? आबांनी स्वतःच्या छातीकडं बोट केलं, मग बोट हलवून नाही म्हटलं, आणि दोन बोटं शेजारी-शेजारी धरून त्यातलं एक आकाशाकडं केलं.

"त्येंचा थोरला भाऊ," काकी म्हणाल्या. "गेला की त्यो." म्हणजे माझे वडील. मला ते माहीत नव्हतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये ढोल वडिलांचा आहे हे मी इतके दिवस त्या ओव्या ऐकूनही ओळखलं नव्हतं. मी पुन्हा लक्ष देऊन ऐकलं. ऐकून ओळखण्यासारखं त्यात काही नव्हतं. ढोल होता, इतकंच.

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "डॉक्टर, स्ट्रीमर घ्या, तो तुमच्यासाठी. आणि हे मशीन आबांना देऊन टाका. पण आधी पंखा साफ करून घ्या ओ. किती धूळ बसलीय."

शेक संपल्यावर कॉम्प्युटर आटपाडीला गेला. मी पंखा साफ केला, माळ्यावरचे लहान स्पीकर काढून जोडले, आणि गाडीच्या मागच्या सीटवर काकींच्या बोचक्यांमध्ये तो डबा बसवला. माझ्या भिंतीला आता फक्त स्ट्रीमर आहे. तो गुपचूप काम करतो. आता घरात कुणी त्याच्याबद्दल काही बोलत नाही.

पावसाळ्यानंतर मी आटपाडीला गेलो. अंगणात दोन-तीन माणसं बसली होती, त्यात गावातला एक तरणा गडी ओवी शिकत होता. आबा ढोल पुढ्यात घेऊन बसलेले. रेकॉर्डिंगमधली ओळ झाली की ते बंद करायचे, आणि तो गडी तीच ओळ म्हणायचा. चुकला की आबा काठी ढोलाच्या कडेवर आपटायचे.

"आवं आबा, आता काय चुकलं?" तो वैतागून म्हणाला. "तसंच तर म्हणलं की मी."

आबांनी ओठ हलवून काहीतरी सांगितलं. त्यानं काकींकडं बघितलं.

"घाई लय करतोस म्हणत्यात," काकी म्हणाल्या. "मेंढरू चालतंय तसं म्हण. मागं कुत्रं लागल्यागत न्हवं."

तो हसला, मान खाली घालून पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागला. काकींनी मला चहा आणून दिला आणि विचारलं, रातच्याला राहणार की लगेच निघणार. मी राहतो म्हणालो.